कमीत कमीची गाडी

परभणीहून जिंतूरला निघालं की झरी मागं पडते आणि थोड्या वेळानं बोरी लागते. दोन्ही अंगांना काळी रानं. दिवाळीच्या पुढंमागं या रानांत कापूस फुटलेला असतो, बाया ओट्या बांधून वेचणीला लागलेल्या असतात, आणि रस्त्यानं गेलेल्या टेम्पोंमधून सुटलेले पुंजके कडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून बसतात. सोयाबीन आल्यापासून हे पांढरं दृश्य पूर्वीइतकं सलग राहिलेलं नाही, पण बाभळी अजून आपला वाटा घेतातच.

या रस्त्यावरून हल्ली उंच, काळ्या काचांच्या गाड्या धावतात. पुढच्या काचेवर पक्षाची पट्टी, मागच्या काचेवर कुणाच्या तरी नावापुढं 'साहेब'. त्यांच्या गर्दीत आमच्या मोठ्या मामांची मारुती आधी दिसतच नाही. समोरच्या गाडीच्या चाकाआडून निघाल्यासारखी एकदम पुढ्यात येते. बुटकी, चौकोनी, पांढरी. टपावर तिच्या अंगाला न शोभणारं लोखंडी कॅरियर. बोरीच्या फाट्यावर ती थांबली की पोरं मोबाइल काढतात. ज्या मॉडेलनं अख्ख्या देशाचे रस्ते भरून टाकले होते, त्याचा फोटो काढावासा वाटावा, इतकी वर्षं गेली तर.

गाडी 1985 सालची आहे, म्हणजे मारुतीच्या पहिल्या साच्यातली. 1986 मध्ये कंपनीनं आकार बदलला, आणि आपल्या डोळ्यांत 'एट हंड्रेड' म्हणून जी बसलेली आहे ती त्या दुसऱ्या साच्याची. पहिलीला हौशी लोक एसएस ऐंशी म्हणतात. तीन सिलिंडर, 796 सीसी, चार गिअर, पुढची चाकं ओढणार आणि मागं पाटे. वजन सातशे किलोंच्या आत. लाल कंधारीची नीट पोसलेली बैलजोडी काट्यावर घातली तर तीच जास्त भरेल. दार लावलं की पत्र्याचा पातळ आवाज येतो. जुन्या अँबेसिडरच्या दाराचा तो भारदस्त 'धप्' इथं नाही. जे आहे ते पुरेसं आहे आणि पुरेशापेक्षा एक स्क्रूही जास्त नाही, असं ही गाडी प्रत्येक जोडावर सांगत असते.

या पातळपणाचं मूळ शोधत गेलं तर ते कापसापाशीच निघतं. जपानच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ हामामात्सू नावाचं गाव आहे. विणकरांचा मुलूख. तिथल्या मिचिओ सुझुकी या माणसानं सुताराकडं उमेदवारी केली आणि 1909 मध्ये हातमाग-यंत्रमाग बनवायचा कारखाना काढला. 1920 मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली. त्याच भागातल्या साकिची तोयोदांचे माग पुढं टोयोटा झाले. सोइचिरो होंडाही याच परिसरातला. एका टापूतून मोटारींची तीन मोठी घराणी निघावीत, आणि त्यांतली दोन सुताच्या धाग्यावर वाढलेली असावीत, याचं मला अजून कौतुक वाटतं. मागाची एक अडचण असते. चांगला केला तर तो वर्षानुवर्षं टिकतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. मिचिओंनी 1937 च्या सुमाराला मोटारीचे प्रयोग सुरू केले, समोर ब्रिटिश ऑस्टिन सेव्हनचा नमुना ठेवून. महायुद्धानं ते थांबवले. युद्धानंतर कापडाचा बाजार कोसळला आणि 1952 मध्ये माग बनवणाऱ्यांनी सायकलीला लावायचं 36 सीसीचं इंजिन काढलं. 1955 मध्ये सुझुलाइट नावाची चिमुकली मोटार आली, 360 सीसीची.

हा 360 चा आकडा सरकारी होता. जपाननं छोट्या गाड्यांचा एक वर्ग ठरवून दिला होता, 'केई'. लांबी-रुंदी इतकी, इंजिन इतकं. त्याच्या आत राहिलात तर करात सवलत. 1976 मध्ये ही मर्यादा 550 सीसी झाली; लांबी 3.2 मीटर, रुंदी 1.4. कायद्यानं आखलेल्या चौकटीत एक संसार मांडायचा, ही तिथल्या इंजिनिअरांची रोजची परीक्षा. आणि 1979 च्या मे महिन्यात सुझुकीनं या परीक्षेत एक पळवाट काढली, ती मला फार आवडते. प्रवासी मोटारीवर वस्तुकर होता, मालवाहू गाडीवर नव्हता. म्हणून त्यांनी मोटार केली आणि कागदोपत्री ती मालवाहू ठेवली. मागची सीट नावाला. माणसं पुढं दोन बसणार, तीही बहुतेक वेळा एकच, बाजारहाट करणारी घरची बाई नाहीतर छोटा दुकानदार, हे त्यांनी आधीच हेरलेलं होतं. मग नसलं तरी चालेल असं एकेक करत सगळं काढून टाकलं. किंमत ठेवली 4 लाख 70 हजार येन, सगळ्या देशात एकच. तिचं नाव आल्टो. कंपनीची सूत्रं आदल्याच वर्षी ओसामू सुझुकींच्या हाती आली होती. ते या घराण्याचे जावई; दत्तक जाऊन आडनाव घेतलेले. घरात बाहेरून आलेल्या माणसाला खर्चाचा हिशेब जरा जास्तच स्वच्छ दिसत असावा.

त्या आल्टोचंच मोठ्या इंजिनाचं, परदेशी पाठवायचं भावंड म्हणजे एसएस ऐंशी. मामांची गाडी ती.

आमच्याकडं कापूस आहे, पण माग नाहीत. परभणी-जिंतूरचा कापूस जिनिंगमधून गाठी होऊन बाहेर जातो आणि कापड होऊन दुकानात परत येतो. महाराष्ट्रात मागांचं गाव म्हटलं की इचलकरंजी. आणि गंमत अशी की आपल्याकडची छोटी मोटारही त्या मागांच्या गावातच जन्माला येऊ पाहत होती. शंकरराव कुलकर्णी नावाच्या गृहस्थांनी 1949 मध्ये तिथं दोन माणसांची एक मोटार स्वतः तयार केली आणि पुढं पंचवीसेक वर्षं तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढत राहिले. तिचं नाव 'मीरा'. शाळेचं शिक्षण बेताचंच, पण हात आणि डोकं तयार. ती रस्त्यावर चालली, लोकांनी पाहिली, वर्तमानपत्रांत आली आणि कारखान्यात कधीच गेली नाही. तो काळ परवान्यांचा. कुणी किती मोटारी करायच्या हे दिल्लीत ठरायचं. हामामात्सूच्या मागवाल्याला सरकारनं चौकट आखून दिली आणि म्हटलं, आत काय हवं ते कर. इचलकरंजीच्या माणसाला चौकटच मिळाली नाही. मला मारुतीविषयी कितीही माया वाटली तरी तिच्या शेजारी ही न बनलेली गाडी उभी दिसते, त्याला इलाज नाही.

मारुतीचीही पहिली खेप फसलेलीच होती. संजय गांधींची मारुती लिमिटेड 1971 ची. ती गाडी काही धड निघाली नाही आणि कंपनी बुडाली. 1981 मध्ये सरकारनं मारुती उद्योग उभी केली, 2 ऑक्टोबर 1982 ला सुझुकीशी करार झाला, सुझुकीचा वाटा 26 टक्के. दहा हजार रुपये आगाऊ भरून लाखाहून जास्त लोकांनी नंबर लावला. गाडी कुणी पाहिलेली नव्हती. 14 डिसेंबर 1983 ला, संजय गांधींच्या जन्मदिवशी, इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीच्या किल्ल्या दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिल्या. किंमत साडेसत्तेचाळीस हजार. नंबर डीआयए 6479. इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरी करणारा माणूस, सोडतीत नशीब उघडलेला. ही गाडी त्यांनी 2010 मध्ये जाईपर्यंत विकली नाही. त्यांच्यामागं ती घराबाहेर रस्त्यावर ऊनपावसात सडत उभी राहिली, तिचे फोटो देशभर फिरले, आणि अखेर कंपनीनं ती नव्यासारखी करून आपल्या मुख्यालयात मांडून ठेवली. हल्ली ती चकचकीत आहे. फार चकचकीत आहे, असं फोटो बघून वाटतं.

बोरीच्या गाडीचं नशीब एवढं वरचं नव्हतं. ती आधी परभणीच्या एका डॉक्टरांची. त्यांनी मोठी गाडी घेतली तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मामांनी ती घेतली. मामा शाळेत गणित शिकवायचे, घरची थोडी कोरडवाहू. पगाराची थकबाकी मिळाली होती आणि कापसालाही त्या वर्षी बरा भाव होता. दोन्ही एका हंगामात जमून आलं म्हणून गाडी आली. मामींना विहिरीवर नवी मोटार हवी होती. त्या अजून म्हणतात, मोटारच मागितली होती, हे मोटारच घेऊन आले.

जपान्यांनी मागची सीट नावाला ठेवली होती हे बोरीत कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्या सीटवर चार मोठी माणसं आणि मांडीवर पोरं बसायची. लग्नात नवरी त्यातून गेली. सापानं चावलेला माणूस तिच्यातूनच परभणीच्या सिव्हिलला गेला आणि वाचला. तो दर दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला येतो आणि एक पान गाडीच्या बोनेटवर ठेवतो. मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या पिशव्या, खताची गोणी, आणि वेचणीच्या दिवसांत टपावर कापसाची गाठोडी. टप पातळ, तो दबायला लागला, तेव्हा गावातल्या वेल्डरकडून पाण्याच्या जुन्या पाइपांचं कॅरियर करून घेतलं. गाडी जेवढी हलकी करता येईल तेवढी हलकी करायला कुणीतरी तिकडं रात्री जागला होता, आणि इकडं बोरीत तिच्या डोक्यावर तीसेक किलो लोखंड चढलं. तरी ती चढावर कुरकुरत का होईना चढायची. थंडीत सकाळी चोक ओढून धरावा लागे. सेल मारला की आधी एक सिलिंडर बोलायचं, मग दुसरं, आणि तिसरं जरा रुसून. तिन्ही लागली की आवाज एकसारखा व्हायचा आणि अंगणातल्या कोंबड्या पांगायच्या. चोक हळूहळू आत सारायचा. घाईनं सारला तर गाडी बंद. हे हळूहळू किती, ते फक्त मामांच्या बोटांना कळे.

निवृत्तीनंतर मामांनी गाडी चालवणं कमी केलं आणि मग ती निंबाखाली उभी राहिली. आधी टायर बसले. मग उंदरांनी वायरिंग खाल्लं. मागच्या सीटवर तुऱ्हाट्या ठेवल्या गेल्या, मग तुरीचं भूस. एका उन्हाळ्यात कोंबडीनं ड्रायव्हरच्या सीटखाली अंडी घातली. 18 जानेवारी 2014 ला शेवटची मारुती 800 कारखान्यातून बाहेर पडली, त्याची बातमी टीव्हीवर चालू होती तेव्हा बाहेर गाडीच्या काचेवर निंबाच्या काड्या पडत होत्या. भंगारवाला दोनदा विचारून गेला. मामा 'बघू' म्हणाले. गणिताच्या मास्तरांनी 'बघू' म्हणावं हे नवीनच होतं.

ती परत उठवायचं मनावर घेतलं मामेभावानं. तो पुण्याला नोकरीला. तिकडं जुन्या गाड्यांची हौस करणारे मित्र भेटले आणि आपल्या घरी काय उभं आहे ते त्याला उमगलं. गाडी टेम्पोत घालून परभणीला एका जुन्या मिस्त्रींकडं नेली. चाचा म्हणतात त्यांना सगळे. त्यांनी चप्पल काढून गाडीखाली सरपटत जाऊन पेचकसाच्या मुठीनं तळाला ठोकलं. पहिल्या दोन ठोक्यांना पत्र्याचा आवाज आला. तिसऱ्याला पेचकसच आत गेला. बाहेर येऊन हात पुसत मामांना म्हणाले, "सर, इसमें पत्रा कम और यादें ज्यादा हैं. बोलो तो बनाता हूं." मामांनी मान हलवली.

काम कसं होतं ते बघायला मी अधूनमधून जात असे. फ्लोअर कापून काढला तेव्हा खालून जमीन दिसली, आणि आपण इतकी वर्षं किती थोड्या गोष्टीवर पाय ठेवून बसत होतो ते कळलं. नवा पत्रा हातानं ठोकून बेताचा केला, गॅसनं टाके मारले. चाचांचं पुट्टीशी वैर आहे. हल्लीची पोरं खड्डा दिसला की पुट्टी भरतात, म्हणतात ते. खड्डा आतून हळूहळू ठोकून वर आणायचा असतो. इंजिनाची काळजी नव्हती. तेच इंजिन पुढच्या 800 ला आणि ओम्नीला वर्षानुवर्षं होतं, त्यामुळं पिस्टन, रिंगा, टायमिंग बेल्ट, कार्बोरेटरचं किट, सगळं परभणीतच मिळालं. बोअर लेथवर करून आणला. अडलं ते वरवरच्या वस्तूंपाशी. पहिल्या साच्याच्या गाड्या दोन-तीन वर्षंच बनल्या. तिच्या काचा, तिचं रबर, मागचे लाल दिवे दुसऱ्या साच्याला बसत नाहीत. दिवे शेवटी दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारातून आले, त्यातला एक जरा फिका. दोन दिव्यांचे लाल एकमेकांशी जुळत नाहीत. बारकाईनं बघणाऱ्यालाच दिसतं.

रंगाच्या आधी वाद झाला. मामेभावाचं म्हणणं, करायची तर कारखान्यातून निघाली तशी. कॅरियर काढायचं, डॅशबोर्डवर स्क्रूनं बसवलेला छोटा पंखा काढायचा, दारावरचा तो आरसा काढायचा, कारण तो ट्रॅक्टरचा आहे. त्याच्याकडं जुन्या जाहिरातींचे फोटो होते. त्यात गाडी अशी उभी होती की जणू तिच्यात कधीच कुणी बसणार नाही. मामा सगळं ऐकून म्हणाले, "पंखा काढ, आरसा काढ. कॅरियर कशाला काढायलास?"

"ते कंपनीचं नाही, दादा."

"मग कंपनीला दे ना गाडी."

कॅरियर राहिलं. त्याच्या पुढच्या आडव्या पाइपावर दोर ओढून ओढून झिजलेल्या खाचा आहेत, बोटाच्या जाडीच्या. चाचांनी त्यावर नवा काळा रंग मारला, पण खाचा भरल्या नाहीत. भरू का, असं विचारलंही नाही. या वादात मी मामांच्या बाजूचा. दिल्लीची पहिली गाडी इतिहासाची आहे, तिला 14 डिसेंबर 1983 ची तारीख परत आणून देणं बरोबर असेल. ही मात्र शोरूममध्ये फार थोडा वेळ होती. तिचं खरं वय बोरीच्या धुळीत वाढलं. आणि आल्टो ज्यांनी घडवली त्यांनी तरी काय केलं होतं? माणसाला काय लागतं ते बघून गाडी बेतली होती. बोरीच्या वेल्डरनं तेच केलं, फक्त बेरजेनं.

कायद्याच्या लेखी मात्र ही गाडी अजून कुठंच बसत नाही. 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणं विंटेज म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं पुरी लागतात. हिला अजून अवकाश आहे. तोवर ती नुसती म्हातारी. दर पाच वर्षांनी फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण, हरित कर. 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी दहा हजार झाली. मामांनी ही बातमी पेपरात वाचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दहा हजारात तर बुकिंग होत होतं रे."

आता नवी कटकट पेट्रोलची. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर आलं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. आधी पेट्रोलचा वास यायला लागला, मग पंपाखाली ओल. चाचांनी पाइप बदलले, पंपाचा डायफ्रॅम बदलला. इथेनॉल उसाचं, मक्याचं. मामांच्या धाकट्या भावाकडं दोन एकर ऊस आहे, आणि त्याचं गाळपाचं बिल अजून पुरतं मिळालेलं नाही. मामा त्याला गावच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणतात, तुझा ऊस माझी गाडी खायलाय. तो म्हणतो, निदान तुझ्या गाडीला तरी वेळेवर पोहोचतोय.

जादा डायफ्रॅम, दोन हात पाइप आणि मूठभर क्लिपा आता कप्प्यातच असतात, प्लास्टिकच्या पिशवीत. परवा जिंतूरला लग्न होतं. मामी म्हणाल्या, एसटीनं जाऊ. मामा म्हणाले, गाडी असताना एसटी कशाला? दोघं आपापल्या मतानं निघाले. मामी पंगतीत बसल्या तेव्हा मामा वाटेतच बोनेट उघडून उभे होते, आणि एका काळ्या काचांच्या गाडीतून उतरलेली तीन पोरं त्यांना ढकलायला मदत करत होती.